रोगशोध्याची मुलगी

न्हाणीघरातल्या फरशांची रेघ वाकली तो मंगळवार होता. नेल दात घासत उभी होती आणि समोरच्या भिंतीवरची, वीस वर्षं रोज दिसणारी पांढऱ्या फरशांमधली सरळ करडी रेघ मधोमध पोट काढल्यासारखी पुढे आली होती. छपाईच्या कारखान्यात चौतीस वर्षं रंगांचे नमुने तपासण्यात गेली असल्यामुळे तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते फरशी बसवणाऱ्याबद्दल. मग तिने उजवा डोळा मिटला. रेघ आणखी वाकली. डावा मिटला तेव्हा ती बरीचशी सरळ झाली. तिने चूळ भरली, कॉफी केली, आणि कपाची कड, खिडकीची चौकट, समोरच्या इमारतीचा कोपरा एकेका डोळ्याने पाहून घेतला. आठवड्याने डोळ्यांच्या डॉक्टरणीने सांगितलं ते तिला साधारण कळलेलंच होतं. डाव्या डोळ्यात पडद्याच्या मागे पाणी झिरपतंय, ऐन मध्यावर. इंजेक्शनं घेऊन उरलेलं टिकवता येईल, गेलेलं परत येणार नाही. उजव्यातही सुरुवात आहे, पण तो डोळा हळू चाललाय. पुढल्या सोमवारपासून इंजेक्शनं सुरू करू. हे सगळं नेलने कुणी दुसऱ्याच्या घराच्या दुरुस्तीबद्दल बोलत असावं तसं ऐकून घेतलं. मग डॉक्टरणीने लिहिता लिहिता सहज विचारलं, "घरात कुणाला होतं का असं? आई, वडील?" आणि नेल म्हणाली, "नाही." डॉक्टरणीने तसं लिहून घेतलं.

ट्राममध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण खोटं बोललो. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं इतकी वर्षं, त्यामुळे उत्तर जुनंच तोंडात बसलेलं होतं. बाबांचे डोळे उत्तम आहेत, हे वाक्य ती लहानपणापासून कितीतरी वेळा ऐकत आली होती. ते बाबांच्या कामाचंच दुसरं नाव होतं. आरी झांडव्लीट, बाउमानच्या शेतातला रोगशोध्या. एप्रिल-मे महिन्यांत ट्यूलिपच्या वाफ्यांमधून ओळ न् ओळ चालायचं आणि रोग लागलेलं झाड ओळखून कंदासकट उपटायचं, एवढंच काम; पण ते ज्याला जमतं त्यालाच जमतं. पानावर फिकट हिरवे ओरखडे, पाकळीच्या रंगात दुसऱ्या रंगाची एखादी तुटकी रेघ. मावा एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि रोग बरोबर नेतो, म्हणून ते एक झाड राहिलं तर पुढल्या वर्षी सगळा वाफा रोगट. ऊन पडलं की बाबा काळी छत्री उघडून चालायचे, झाडांवर सावली धरायला, कारण उन्हात पानं चकाकतात आणि ओरखडे लपतात. कोरड्या आभाळाखाली छत्री घेऊन चालणारा तो उंच माणूस रस्त्यावरून जाणाऱ्यांना वेडा वाटायचा. नेलला त्याची लाज वाटली नव्हती कधी. लाज वाटायला लागली ती नंतर, आणि ती दुसऱ्याच कारणाने.

रॉटरडॅममध्ये राहून लिसला, आपल्या गावी, ती अठ्ठेचाळीस वर्षांत फक्त बारशांना, लग्नांना आणि तीन मयतांना गेली होती. ट्यूलिपच्या दिवसांत एकदाही नाही. फेना, तिची मुलगी, दर वसंतात म्हणायची, "आई, एकदा पोरांना घेऊन जाऊ या, तुझंच गाव आहे." नेल म्हणायची, गर्दी असते. ट्राममधून उतरून घरी येईपर्यंत तिने ठरवलं की जायचं, सोमवारच्या आत, आणि एकटीने. रेल्वे आणि बस मिळून दीड तास लागला असता, पण बसमध्ये गावातलं कुणी भेटलं असतं. म्हणून तिने परदेशी पाहुण्यांना फिरवणाऱ्या एका बाईची गाडी दिवसभरासाठी सांगितली. किती माणसं, या प्रश्नापुढे एक लिहिलं. फेनाला डोळ्याचं कळवलं नव्हतं, याचंही कळवलं नाही.

गाडीवाली इल्हाम पस्तिशीची होती, लायडनमध्येच जन्मलेली. दार उघडून तिने आधी नेलकडे, मग नेलच्या मागे पाहिलं. "एकट्याच? मला वाटलं, नातवंडं खाली येतायत."

"एकटीच."

"आणि इथल्याच," इल्हाम म्हणाली. "बाई, सात वर्षांत पहिल्यांदा मला डच गिऱ्हाईक मिळालंय. आपल्या लोकांना फुलं बघायची असली की ते सायकल काढतात आणि डब्यात पाव-चीज भरतात."

"पाव-चीज माझ्या पिशवीत आहे," नेल म्हणाली.

इल्हाम हसली. रस्ता लागल्यावर ती आपणहून बोलत राहिली, तिचे वडील मोरोक्कोतून आले तेव्हा पहिली दोन वर्षं हिलेगोमच्या एका कोठारात कंद सोलायला होते, बोटांची सालं निघायची, म्हणून त्यांच्या घरात आजही कुणी फुलं आणत नाही. आई वाढदिवसालासुद्धा मेणबत्त्याच घेते. "आणि मी फुलांवरच पोट भरते. बाबा म्हणतात, तुला दुसरं काही सुचलं नाही का." नेलने मान हलवली. कोठारातला तो वास तिला येत होता, कोरड्या मातीचा आणि सालांच्या धुरळ्याचा. बाबांनी शेवटची अकरा वर्षं त्याच कामात काढली होती. शाळकरी मुलींच्या आणि बायकांच्या रांगेत, लाकडी मेजापाशी, छत्री घरी ठेवून.

ते असं झालं. नेल तेव्हा सोळाची होती. तिचा भाऊ ह्यूब सहा वर्षांनी मोठा, तोही बाउमानकडेच, बाबांच्या शेजारच्या ओळींमध्ये रोग शोधायचा. नेल शाळा सुटली की दोघांच्या मागून उपटलेली झाडं पिशवीत गोळा करत चालायची. त्या वर्षी तिला दिसायला लागलं की बाबांच्या ओळीत झाडं राहतायत. एक, मग चार. ढळढळीत रोगट, कुणालाही दिसतील अशी. बाबा त्यांच्यावर छत्री धरून, वाकून, नीट पाहून पुढे जायचे. ती मागून हळूच उपटायची आणि पिशवीत घालायची. एक पूर्ण मोसम तिने तसं केलं, कुणाला न सांगता, आणि रोज बाबांवर थोडी थोडी चिडत गेली. एकदा ती म्हणाली, "बाबा, हे राहिलं." बाबांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "काही झालेलं नाही त्याला." इतक्या ठामपणे म्हणाले, की तिला वाटलं, हा माणूस तोंडावर खोटं बोलतोय. म्हातारपण कबूल करायचं नाही म्हणून एवढ्या लोकांचं पोट ज्यावर चालतं तो वाफा रोगट ठेवायला तयार आहे. पुढल्या वसंतात तिची परीक्षा होती, ती दहा दिवस शेतावर गेली नाही. तेवढ्यात तपासनीस आले आणि बाराव्या वाफ्यातला सगळा माल त्यांनी नापास केला. बाउमान रागाने लाल. कुणाच्या ओळी, असं त्याने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, त्या ह्यूबच्या. ह्यूब काही बोलला नाही. त्याचं लग्न ठरलं होतं, आणि बाउमान त्याला शनिवारी काढून टाकणार होता. शुक्रवारी संध्याकाळी नेल सायकलवरून बाउमानच्या घरी गेली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "त्या ओळी बाबांच्या होत्या. त्यांना दिसत नाही. गेल्या वर्षापासून." बाउमानने तिचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "घरी जा. मी बघतो." सोमवारपासून बाबा कोठारात. घरी कुणी त्यावर बोललं नाही. दोन वर्षांनी नेल रॉटरडॅमला निघून गेली.

पर्यटकांसाठीच्या ट्यूलिपच्या बागेत ती तासभर फिरली. वाफे नुकतेच इस्त्री केल्यासारखे होते, गडद जांभळ्याला लागून फिकट पिवळा, पलीकडे झालरीच्या कडांचा गुलाबी. पहिली काही मिनिटं तिने डोळ्यांची परीक्षा घेत काढली. डावा मिटून सगळं जवळपास ठीक. उजवा मिटला की ज्या फुलाकडे पाहावं तेच पुसट, त्याच्या भोवतीची मात्र स्वच्छ. दोन्ही उघडे ठेवले की मध्ये कुठेतरी पाण्यातून पाहिल्यासारखं हलायचं. मग तिला स्वतःचंच हसू आलं, कारण तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून रोगट झाड शोधतोय. एवढ्या लाखो फुलांत एकही नाही. इथे असलं काही निघालंच तर फाटक उघडण्याआधी कुणीतरी काढून टाकत असणार. एक जोडपं मुलाचा फोटो काढायला तिला बाजूला व्हायला सांगत होतं. ती बाजूला झाली. तिला कंटाळा आला होता. इतकी वर्षं टाळलेली गोष्ट कंटाळवाणी निघावी याचं थोडं वाईटही वाटलं.

इल्हाम कॉफी पीत फाटकाशी उभी होती. "झालं? लोकांना मी इथून ओढून काढते."

"शेतावर जाऊ या. हिलेगोमच्या बाजूला."

"शेतात पाय ठेवू देत नाहीत हं, बाई. पर्यटकांनी तुडवून ठेवलंय, शेतकरी वैतागलेत."

"मी पर्यटक नाही," नेल म्हणाली, आणि ते वाक्य तिच्या स्वतःच्या कानाला फारसं खरं वाटलं नाही.

बाउमानचं शेत कधीच दुसऱ्याचं झालं होतं, पण चर तेच होते, वाळूची फिकट जमीन तीच, आणि समुद्राकडून येणारा वाराही. लाल ट्यूलिपच्या लांबलचक पट्ट्यात एक माणूस छोट्या चाकांच्या गाडीवर छताखाली बसून ओळींवरून संथ सरकत होता. इल्हामला वाटलं तो पाणी देतोय. "रोग शोधतोय," नेल म्हणाली. गाडी पट्ट्याच्या टोकाला आली तेव्हा ती चराच्या काठाशी जाऊन उभी राहिली. माझे वडील या जमिनीवर रोगशोधे होते, मला एक ओळ चालू द्याल का, असं तिने विचारलं. माणूस पन्नाशीचा, उन्हाने रापलेला. त्याने आधी तिच्या बुटांकडे पाहिलं. "नाव काय वडिलांचं?" नेलने सांगितलं. त्याने ते ऐकलेलं नव्हतं. "चाला," तो म्हणाला, "ती ओळ अजून तपासलेली नाही. दिसलं तर बोट दाखवा, उपटू नका. आणि या तुमच्या मैत्रिणीला म्हणावं, फोटो काढताना मागे सरकायचं नाही."

नेलने ओळ धरली. दुपारचं आभाळ भरलेलं होतं, बाबांना आवडायचं तसं, सावली धरायची गरज नसलेलं. अर्ध्या मिनिटात पायांना जुनी चाल आठवली, फुलाकडे न पाहता पानाकडे पाहायचं, आणि पानाकडेही रोखून नाही, नुसतं पाहत चालायचं. पहिलं झाड तिला दहाव्या पावलाला सापडलं. पानावर फिकट ओरखडे, लालमध्ये पिवळट तुटकी रेघ. तिने बोट दाखवलं तेव्हा छातीत एवढा आनंद झाला की तिला थांबून श्वास घ्यावा लागला. दुसरं थोडं पुढे, डावीकडे. इल्हाम शेजारच्या मोकळ्या पट्टीतून तिच्याबरोबर चालत होती आणि विचारत होती, "हे कसं ओळखलं? ही रेघ? पण ही तर छान दिसतेय, बाई. बाकीच्यांपेक्षा हेच छान आहे." नेल तिला सांगत गेली, ओरखडे कसे असतात, कुठे बघायचं. ओळीच्या शेवटाला येऊन ती वळली आणि माणसाला म्हणाली, "दोन."

"तीन," इल्हाम म्हणाली. ती दहा-बारा पावलं मागे उभी होती आणि बोट दाखवत होती. "हे पण तसंच आहे ना? तुम्ही सांगितलं तसं?"

नेल परत गेली. इल्हाम दाखवत होती तिथे तिने पाहिलं. दोन्ही डोळे उघडे ठेवून, वाकून, नीट पाहिलं. हिरवी निरोगी पानं होती, गुळगुळीत, एकही ओरखडा नसलेली. ती म्हणणार होती, काही झालेलं नाही त्याला. ते शब्द तोंडात आले आणि तिथेच थांबले. तिने डावा डोळा हाताने झाकला. पान ओरखड्यांनी भरलेलं होतं, देठापासून टोकापर्यंत, कुणालाही दिसेल असं. हात काढला. पान पुन्हा स्वच्छ झालं. पुसटसुद्धा नाही, आजूबाजूच्या पानांचा हिरवा रंग येऊन तिथे बसला होता, जणू कुणी ठिगळ लावून शिवण दिसू दिली नव्हती. तिने असं तीनदा केलं. माणूस गाडीवरून उतरून आला, झाड उपटून पिशवीत टाकलं आणि म्हणाला, "एकदोन राहतातच. म्हणून तर आम्ही दोनदा फिरतो." नेलने त्याचे आभार मानले. चराच्या काठावर बसून तिने पाव-चीज काढलं, अर्धं इल्हामला दिलं, आणि स्वतःचं हातात धरून बसून राहिली. तिला वाटायचं की न दिसणं म्हणजे काळोख, धुकं, काहीतरी नसणं. ज्याला दिसत नाही त्याला निदान आपल्याला दिसत नाही एवढं तरी कळत असणार. बाबांना रोगट झाडाच्या जागी निरोगी झाड दिसत होतं. ते खोटं बोलत नव्हते. त्या ओळी ह्यूबच्या असं ते बाउमानला म्हणाले तेव्हाही नाही. त्यांनी आपल्या ओळी स्वतः पाहिल्या होत्या, छत्री धरून, एकेक पान.

"बाई, बरं वाटत नाही का?" इल्हामने विचारलं.

"गावात माझा भाऊ राहतो," नेल म्हणाली. "तिकडे घे."

दार ह्यूबनेच उघडलं. त्र्याहत्तराव्या वर्षी तो बाबांसारखा दिसायला लागला होता, फक्त रुंद. बायको गेल्यापासून एकटाच असल्यामुळे स्वयंपाकघरातच त्याचं सगळं होतं, रेडिओ, वर्तमानपत्र, खुर्चीवर वाळत घातलेला शर्ट. "कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. फुलं बघायला आले होते."

"तू?" तो म्हणाला. त्याने इल्हामलाही आत बोलावलं, पण तिने मान हलवली, गाडीतच बसते म्हणाली. ह्यूबने दोन पेल्यांत ताक ओतलं. पाच मिनिटं फेनाच्या पोरांबद्दल आणि त्याच्या गुडघ्याबद्दल बोलणं झालं. मग नेलने पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "ह्यूब, बाराव्या वाफ्याचं बाउमानला मी सांगितलं होतं. बाबांच्या डोळ्यांचं."

"माहीत आहे मला," ह्यूब म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"बाउमाननेच सांगितलं. त्याच शनिवारी. म्हणाला, तुझी बहीण काल दारात आली होती, तिच्यामुळे तुझं काम राहिलंय."

बाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली. "आणि बाबांना?"

"बाबांना वाटलं मी सांगितलं." ह्यूब मेजावरचा पावाचा चुरा बोटाने एका जागी गोळा करत होता. "साहजिक आहे. काम कुणाचं वाचलं? माझं. माझ्या लग्नाला आले तेव्हा शेवटच्या बाकावर बसले. या घरात अकरा वर्षांत एकदा जेवले नाहीत. दारात यायचे, पोरांना काहीतरी देऊन जायचे. खुर्ची दिली तर म्हणायचे, उभाच बरा आहे."

"तू सांगितलं का नाहीस त्यांना?"

"काय सांगू? मी नाही, नेलने केलं?" तो पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघून बोलला. "तू सोळा-सतराची होतीस. आणि पुढे तू गेलीस तेव्हा ते तुझ्या पत्रांची वाट बघायचे. आई मोठ्याने वाचायची, हे डोळे मिटून ऐकायचे. मला वाटलं, एकाचा राग आहेच, दुसऱ्याचा कशाला." मग तो म्हणाला, "चिडलोय मी तुझ्यावर, पण. पुष्कळ वर्षं. तू आलीस की दोन तासांत परत निघायचीस, तेव्हा तर फार."

मला माहीत नव्हतं, असं नेलला म्हणता आलं असतं आणि ते खरंही होतं, पण माहीत करून घ्यायला ती कधी आली नव्हती. कोठारात मान खाली घालून कंद सोलणारे बाबा तिने इतकी वर्षं मनात बाळगले होते. या दारात उभे राहिलेले बाबा तिला ठाऊकच नव्हते. ह्यूबच्या बायकोने किती वेळा पानं मांडून परत उचलली असतील ते विचारायचं तिच्या ओठांवर आलं. ती गेल्याला चार वर्षं झाली होती. तिने विचारलं नाही. म्हणाली, "ते खोटं बोलत नव्हते, ह्यूब. तुझ्या ओळी म्हणाले तेव्हा. त्यांना खरंच आपल्या ओळी साफ दिसल्या होत्या."

"तुला काय माहीत?"

"मला तेच झालंय." आणि तिने सांगितलं, फरशांपासून सोमवारच्या इंजेक्शनापर्यंत, मघाच्या तिसऱ्या झाडासकट. हे ती पहिल्यांदाच बोलत होती, त्यामुळे कुठे थांबायचं ते तिला कळत नव्हतं; इंजेक्शन कुठे आणि कसं देतात तेही तिने सांगून टाकलं. ह्यूबने मध्ये एकदाच तोंड वाकडं केलं. झाल्यावर तो उठला, पेले मोरीत ठेवले, आणि पाठमोराच म्हणाला, "मग माझेही बघून घ्यायला हवेत."

"हो. डॉक्टरणीला मी घरात कुणाला नाही म्हणून सांगितलंय. ते आता दुरुस्त करते."

"फेनाला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"ती मला एकटीला कुठे जाऊ देणार नाही. पोरांना माझ्याकडे एकटं ठेवणार नाही. रोज फोन करील. अजून सगळं दिसतंय मला, जवळजवळ."

ह्यूब वळला. ओले हात शर्टाला पुसत तो म्हणाला, "मग मी सांगू तिला?"

नेलने मान वर केली. तो थट्टा करतोय की काय, ते तिला कळेना, कारण नेमका त्याचा चेहरा तिला मेणासारखा वितळलेला दिसत होता. तिने डावा डोळा मिटून घेतला. ह्यूब हसत नव्हता. भुवया थोड्या उचलून, खरंच उत्तर हवं असल्यासारखा तो उभा होता, आणि तिने हो म्हटलं असतं तर त्याने तिथल्या तिथे फोन लावला असता.

"नको," ती म्हणाली. "मी सांगते."

"आता?"

"बाहेर ती मुलगी खोळंबलीय."

"तिला मी ताक नेऊन देतो," ह्यूब म्हणाला. त्याने तिसरा पेला भरला आणि तो सांभाळत, गुडघा जपत, बाहेर गेला. नेलने फोन काढला. फेनाचं नाव यादीत कुठे आहे ते बोटाला पाठ होतं. दोनदा वाजल्यावर फेनाने उचलला, मागे पोरांचा गलका होता. "आई? आज शनिवार नाही. काय झालं?"

"काही झालेलं नाही," असं नेल म्हणाली, आणि मग लगेच म्हणाली, "नाही, थांब. झालंय. पोरांना जरा गप्प कर आणि खाली बस."

खिडकीतून गाडीपाशी उभा असलेला ह्यूब दिसत होता. इल्हामने काच खाली करून पेला घेतला होता आणि तो तिला हाताने दूर कुठलंसं शेत दाखवत होता. फोनमध्ये एक दार लागल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा. "बसले," फेना म्हणाली. "बोल."